खंडेनवमीचा हूक

१

नटावर हळदीचा पातळ थर होता आणि त्यावर कुंकवाचा एक ठिपका. ठिपका मध्यावर नव्हता. त्याचा मोठा भाग नटावर, उरलेला नटातून वर आलेल्या बोल्टच्या आट्यांवर होता. मधल्या बारीक फटीवरून कुंकू सलग गेलं होतं. वर रस्त्याची धूळ बसून सगळ्याचा रंग विटकरी झाला होता.

पद्मजाने भिंग बाजूला ठेवलं. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर पोलादी तारेचा हातभर तुकडा. तार एका जड हुकाभोवती वळवून परत स्वतःवरच आणलेली, आणि दोन्ही पदर तीन क्लॅम्पांनी आवळलेले. हुकापासून सर्वांत दूरच्या क्लॅम्पपाशी तार तुटली होती. तुटक्या टोकाशी पोलादाचे धागे झाडूसारखे पिंजारले होते.

"पोलादात खोट आहे का, एवढंच सांग मावशी," देविका म्हणाली. "तुमच्या लॅबमध्ये बघता येईल ना?"

देविका दातार मेकॅनिकल इंजिनिअर होती. नोएडात तिच्या वडिलांचं यार्ड होतं. बंद पडलेल्या, उलटलेल्या, नाल्यात गेलेल्या गाड्या उचलून आणायचं काम. उचलणं, ओढणं, या सगळ्याला तिथे एकच शब्द होता : टोचन. बाजार खुला झाल्यापासून रस्त्यावर नवनव्या गाड्या आल्या होत्या, नवे सेक्टर वसत होते, आणि तितक्याच नव्या प्रकारांनी गाड्या बंद पडत होत्या. देविकाचा थोरला भाऊ जयंत लहान क्रेनवर मोटारी उचलायचा. ट्रक, बस, टँकर ओढणारी मोठी क्रेन देविकाकडे होती. पद्मजा तिची सख्खी मावशी नव्हे. देविकाच्या आईची, नीलाची, मयूर विहारच्या सोसायटीतली शेजारीण, धातू तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करणारी. नीला गेल्यावरही नातं राहिलं होतं.

"खोट पोलादात नाही," पद्मजा म्हणाली. "तुलाही माहीत आहे."

 देविकाने एका क्लॅम्पवर बोट ठेवलं. "उलटे आहेत. तिन्ही."

क्लॅम्पचे दोन भाग असतात. एक खाचेची बैठक आणि एक इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला बोल्ट, दोन टोकांना दोन नट. बैठक तारेला नुसती धरून ठेवते. यू तारेत रुततो. म्हणून यू नेहमी आखूड, मोकळ्या टोकावर घ्यायचा आणि बैठक ओढ सोसणाऱ्या लांब पदरावर. इथे तिन्ही यू लांब पदरात रुतले होते. क्रेनची विंच, तार गुंडाळणारं चक्र, तार ओढत होती आणि क्लॅम्प तीच तार चावत होते.

परवा सकाळी सिमेंटने भरलेला ट्रक नाल्यातून वर काढताना तार तुटली. हूक उडून विठ्ठलच्या नडगीवर बसला. विठ्ठल हा सूर्यकांत दातारांचा फौजेपासूनचा माणूस. पाय वाचला होता, पण सरळ होईल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

"बाबा स्पॉटवर आले," देविका म्हणाली. "तार हातात घेतली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, रात्रीत कुणीतरी हात लावलाय. आणि देविकाने न बघता गाडी ओढायला घेतली. आदल्या संध्याकाळी याच तारेने सतबीरने एक मारुती काढली होती, तेव्हा काही झालं नाही. म्हणजे रात्रीच ना? यार्डाची किल्ली दोघांकडेच असते. एक माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

देविकाच्या कमरेचा पेजर थरथरला. तिने तो न बघता बंद केला.

"हे दादाने केलंय, मावशी."

२

यार्डाच्या फाटकावर झेंडूचं तोरण सुकून काळपट झालं होतं. क्रेनच्या बंपरवर, जॅकवर, पान्यांच्या फळीवर, जिथे बघावं तिथे हळदकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीला दातारांकडे सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. आसपासची गॅरेजं ती दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी करत आणि दातारांच्या या आगाऊ पूजेची थट्टा करत. हळदकुंकू पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा नीलाने घालून दिलेला रिवाज होता.

जयंतची बायको निधी ऑफिसात हिशेब बघत बसली होती. ती दिल्लीत वाढलेली, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरायची.

"या ना मावशी. बसा. देविकाने पाठवलं ना तुम्हाला? बिल्कुल पाठवलं असणार." तिने पंखा वाढवला. "सच बताऊँ? इथे सगळं देविका, देविका. पेपरमध्ये फोटो कुणाचा? देविकाचा. 'ट्रक उचलणारी मुलगी'. जयंत रोज मोटारी उचलतो, त्याचा फोटो कोण काढणार? मारुती उचलली तर काय मोठं, म्हणे ती तर दोन माणसंही उचलतात."

"पूजेची तयारी तूच करतेस ना?"

"रांगोळी, प्रसाद, फुलं. आदल्या दिवशीच गाझीपूर मंडीतून पोतंभर झेंडू आणून ठेवला होता मी. पाटावर मांडणं मात्र बाबांचं. हातच लावू देत नाहीत कुणाला. पण हळदकुंकू कोण वाहणार? देविका! म्हणे मोठी क्रेन तिची आहे. मी थोरली सून, मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

पद्मजा हसली नाही. "आणि सूर्यकांतरावांचं कसं चाललंय?"

"बाबांचं? चिडचिड नुसती. काल चहा दिला तर कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला. आणि ओरडले माझ्यावर, की टेबल हलवलं कुणी!"

जयंत बाहेर एका उघड्या बोनेटवर वाकलेला होता. त्याने हात पुसले, पण पद्मजाकडे बघितलं नाही.

"विचारा, मावशी. सगळ्या यार्डाचं मनात विचारून झालंय. तुम्ही निदान तोंडाने विचाराल."

"दुसरी किल्ली तुझ्याकडे होती?"

"होती."

"त्या रात्री?"

त्याने पुसलेले हात परत पुसले. "आलो होतो मी यार्डात. निधीला माहीत नाही. सांगू नका."

"कशाला आला होतास?"

"मोठ्या क्रेनमध्ये बसायला."

पद्मजाने मोठ्या क्रेनकडे बघितलं.

"नुसतं बसायला," जयंत म्हणाला. "तिच्या सीटवर. उंच असते ना ती. खालचं सगळं लहान दिसतं. ती क्रेन घ्यायची ठरली तेव्हा मी बँकेच्या चकरा मारल्या, आणि बाबांनी क्रेनची किल्ली तिला दिली. का, तर ती शिकलेली. बसलो, स्टिअरिंग धरलं, उतरलो. आता म्हणा, मी तार सोडली."

"सोडलीस?"

"मनात आलं असतं तर तिचा एखादा टायर पंक्चर केला असता. तार नाही. तारेसमोर विठ्ठलकाका उभे असतात."

३

सतबीर मोठ्या क्रेनचा दुसरा ड्रायव्हर. तो क्रेनच्या पायरीवर बसून शेंगदाणे सोलत होता. पद्मजाला बघून त्याने पायरी हाताने झटकली.

"बैठो मैडमजी. पर एक बात पहले सुन लो. मैंने जो मारुती निकाली ना, रेशम की तरह निकली. तार बिल्कुल ठीक थी."

"उसके पहले क्या निकाला था?"

"पहले?" तो हसला. "ट्रकवालों की हड़ताल चल रही थी जी. दशहरे से पहले शुरू, और उस सुबह जाके खुली. तब तक बड़ी क्रेन पे बस यही छोटा-मोटा काम. एक मारुती, एक फिएट, किसी की शादी की वैन. देविका मैडम का मुँह उतरा रहता था. कहती थीं, शेर से चूहे पकड़वा रहे हो."

"म्हणजे दसऱ्यापासून या तारेवर एकही जड गाडी आली नव्हती?"

त्याला मराठी कळायचं. शेंगदाणा तोंडाशी नेता नेता तो थांबला. "नहीं जी. सीमेंट वाला पहला था." मग स्वतःच पुढे म्हणाला, "मेरे को तो उस दिन जाना था नाले पे. मैडम ने कहा, मैं जाऊँगी. बढ़िया काम हो तो मैडम, कीचड़ हो तो सतबीर. पर तार मैंने नहीं छुई. बच्चों की कसम."

विठ्ठल सेक्टरमागच्या एका खोलीत, पाय उशीवर टाकून पडला होता. प्लास्टरवर कुणीतरी पेनाने ट्रक काढला होता.

"सतबीरच्या पोरीने काढलाय," तो म्हणाला. "चाकं पाच काढलीत. मी म्हटलं एक स्टेपनी असंल." हसताना त्याला कळ आली. "पद्मजाबाई, देविकाताईला सांगा, स्वतःला खाऊ नको. पण ती येते आणि कोपऱ्यात उभी राहते. जयंतदादा येतो तो ती गेल्यावर. एकाच घरातली पोरं, एका दारातनं येईनात."

"हूक पूजेला कसा ठेवता हो तुम्ही?"

"त्याची मोठी गंमत. हूक म्हणजे त्या दिवशी नवरदेव. आदल्या दिवशी साहेब क्लॅम्प खोलतात, हूक तारेतनं काढतात, रॉकेलात न्हाऊ घालतात, कुठं चीर गेली का बघतात. मग परत बांधतात. फौजेतली सवय. तार मी धरायची, पाना साहेबांनी फिरवायचा. इतकी वर्षं तेच."

"यंदाही?"

"यंदा नाही. यंदा ऐन वेळी मला म्हणाले, विठ्ठल, फुलं कमी पडतील, जाऊन घेऊन ये. येईस्तोवर सगळं बांधून पाटावर मांडलेलंसुद्धा."

पद्मजाने खिडकीबाहेर बघितलं. पोतंभर झेंडू, निधी म्हणाली होती. आदल्या दिवशीच.

"फुलं आणलीत तुम्ही?"

"आणली की. घरात आधीच पोतं पडलेलं. सूनबाई म्हणाली, काका, आता काय झेंडूची भाजी करू?"

४

घरी येऊन पद्मजाने जुना प्रेशर कुकर काढला. त्याच्या दांड्याच्या बोल्टवर नट होता. तिने हळद कालवली, नटावर लावली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि ते बोल्टच्या आट्यांवरही येईल असं बघितलं. ठिपका वाळू दिला. मग पाना लावून नट जेमतेम हलेल इतकाच फिरवला.

फटीच्या रेषेवर कुंकू तडकलं. अर्धा ठिपका नटाबरोबर गेला, अर्धा जागेवर राहिला.

तिने तारेचा तुकडा परत भिंगाखाली घेतला. तीन क्लॅम्प, सहा नट. प्रत्येकावर ठिपका होता. एकाच्याही रेषेवर तडा नव्हता. वरची धूळ नटापासून बैठकीपर्यंत आणि बैठकीवरून तारेवर सारखी पसरली होती. कुणी नंतर नवं कुंकू लावलं असतं तर त्यावर इतकी धूळ नसती.

तिने देविकाला फोन लावला.

"हे कुंकू कुणी लावलं?"

"मीच. का?"

"सहाही नटांवर?"

"आईचं तसंच असायचं. एकही नट सोडायचा नाही, तो रुसतो म्हणायची. काय झालं मावशी?"

"कुंकू लावताना क्लॅम्प कसे होते, बघितलंस?"

 "पूजा करताना कोण क्लॅम्प बघतं गं?" देविका म्हणाली. "हात जोडलेले होते. तो हूक नव्हता तेव्हा, देव होता. आणि नंतर..." ती अडखळली. "नंतर त्यावर हळदकुंकू होतं. खरवडून कसं तपासू?"

"रात्री कुणीही हात लावलेला नाही, देविका. तू कुंकू लावल्यापासून यातला एकही नट फिरलेला नाही. तू लावलंस तेव्हा ते उलटेच होते."

"पण मग सतबीरची मारुती? ती कशी निघाली?"

"मारुतीचं वजन किती?"

"साडेसहाशे किलो." ती इंजिनिअर होती, पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिने स्वतःच मोठ्याने हिशेब केला, जणू परीक्षेत. "उलट्या क्लॅम्पांची तारसुद्धा मारुती ओढेल. दहा वेळा ओढेल. भरलेला ट्रक, वर नाल्याचा चिखल... संप होता, मावशी. मध्ये जड काही आलंच नाही. आम्हाला वाटलं तार ठीक आहे, कारण तिला कुणी खरं काम दिलंच नव्हतं."

मग तिचा आवाज बदलला.

"मग दादा नाही."

"नाही."

"मग पूजेच्या आधी तो हूक कुणी..."   पद्मजाला तिचा श्वास ऐकू येत राहिला.

"उद्या सकाळी मी यार्डात येते," पद्मजा म्हणाली. "तोवर कुणाला काही बोलू नकोस. त्यांनी स्वतः बोलायला हवं."

५

"कोण?" सूर्यकांत दातारांनी विचारलं. पद्मजा दारात, उजेडाकडे पाठ करून उभी होती.

"मी. पद्मजा."

"अच्छा, अच्छा. पद्मजाबाई. या." ते उठले. सत्तरीकडे झुकलेला, ताठ माणूस. फौजेत रणगाडे चिखलातून ओढून काढण्याचं काम त्यांनी केलं होतं. साठीला थांबेन, असं ते नीलाला म्हणाले होते. मग पासष्टीला थांबणार होते. गेली दोन वर्षं ते नुसतं म्हणत होते, बघू.

पद्मजाने पिशवीतून तारेचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही. हात पुढे करून चाचपला, आणि अंगठा थेट क्लॅम्पच्या यूवर गेला.

"स्पॉटवरही असंच केलंत," पद्मजा म्हणाली. "हाताने. आणि तेव्हाच तुम्हाला कळलं."

"काय कळलं?"

"रात्रीत कुणी हात लावलेला नाही हे. देविकाच्या कुंकवाचे सहाही ठिपके अखंड आहेत. नट पूजेच्या आधी आवळलेत. पूजेच्या आधी पाना एकाच माणसाच्या हातात होता. विठ्ठलला त्या दिवशी तुम्ही फुलं आणायला पाठवलंत. फुलं घरात होती, सूर्यकांतराव. पोतंभर. ती तुम्हाला दिसली नसतील, किंवा विठ्ठलला तुमचे हात दिसायला नको होते."

बाहेर कुणीतरी चेन ओढत नेली. दातारांनी तो आवाज विरेपर्यंत वाट बघितली.

"मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे. विठ्ठलला कळलं असतं तर त्याने देविकाला सांगितलं असतं. म्हटलं बोटांना येतं सगळं. इतकी वर्षं बांधलंय. डोळे मिटून बांधेन." त्यांनी हूक हळूच बाजूला सारला. "मिटूनच बांधलं म्हणा."

"चूक कुणाचीही होते. मी त्यासाठी आले नाही."

"माहीत आहे कशासाठी आलात."

"मग सांगा. स्पॉटवर तुम्ही खरं का बोलला नाहीत? जयंत चोर ठरला. देविका निष्काळजी ठरली. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

 त्यांचा आवाज अगदी साधा होता, कामाचं सांगावं तसा.

"नाल्यापाशी पोचलो तर ट्रान्सपोर्टवाला उभा होता. नवा होता. त्याने विचारलं, आप कौन? मला घेऊन आलेला सतबीर म्हणाला, मैडम के पापा हैं. मैडम के पापा. हे यार्ड मी उभं केलंय, पद्मजाबाई. इथे शेतं होती तेव्हा. फोन वाजतो, मी उचलतो, तर म्हणतात मैडम को दो. नसेल तर ठेवून देतात. पोरगी माझी आहे, मीच शिकवलीय, तिचा फोटो पेपरात आला तेव्हा मी पेढे वाटले. आणि घरी येऊन पेपर घडी करून गादीखाली ठेवला. दिसू नये म्हणून."

"आणि तार हातात घेतलीत तेव्हा?"

"तेव्हा कळलं, माझी चूक. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तो ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, लड़की से नहीं होता ये काम." सूर्यकांतरावांनी डोळे मिटले. "आणि मला बरं वाटलं. सांगतो तुम्हाला, विठ्ठल तिथे पाय धरून विव्हळत होता आणि मला एक क्षण बरं वाटलं. मग मी तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, देविकाने न बघता ओढायला घेतलं."

पद्मजाला त्यांचा राग यायला हवा होता. तो होताच. पण तिला आठवत होतं, त्या दिवशी तिच्या टेबलाशी देविकाचा पेजर थरथरला होता आणि मनात आलं होतं, आपल्याला असं घाईने कधी कुणी बोलावलं नाही. ते काय होतं, याला तिने आजवर नाव दिलं नव्हतं.

"पोरं बाहेर आहेत," ती म्हणाली. "विठ्ठललाही सतबीरने आणलंय. मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत इथून हलणारही नाही."

६

विठ्ठलला टायरवर बसवलं होतं, पाय दुसऱ्या टायरवर. जयंत एका बाजूला, निधी त्याच्यामागे. देविका मोठ्या क्रेनपाशी, पण क्रेनला टेकलेली नव्हती. अपघात झाल्यापासून ती त्या क्रेनवर चढली नव्हती.

सूर्यकांतराव पायरी उतरले. शेवटची पायरी पायाने शोधावी लागली. ते सगळ्यांनी बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

"हूक मी बांधला होता," ते म्हणाले. "उलटा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. रात्रीत कुणी आलं नव्हतं. ते मी खोटं बोललो. जाणूनबुजून."

 जयंत पुढे आला.

"म्हणजे मला चोर ठरू दिलंत."

"हो."

"बाबा, मी त्या रात्री खरंच आलो होतो इथे! कुणी बघितलं असतं तर? जेलमध्ये गेलो असतो मी. तुम्ही बघत बसला असतात?"

"तुम आए थे?" निधी म्हणाली. "रात को? किसलिए?" जयंतने तिला हाताने थांबवलं.

देविका अजून जागेवरच होती. "का, बाबा?" तिने विचारलं. "उलटा बांधला ते सोडा. माझं नाव का घेतलंत?"

"तुझा हेवा वाटला म्हणून."

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ती रडेल असं पद्मजाला वाटलं. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर आला तो निव्वळ राग.

"विठ्ठलकाका कधी सरळ चालतील का नाही माहीत नाही," ती म्हणाली. "मी रोज त्यांच्याकडे जाऊन उभी राहते. मला वाटतं मी केलं. दादाशी मी बोलले नाही. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला गेले नाही. आणि तुम्हाला हेवा वाटला."

"ताई," विठ्ठल म्हणाला, "पाय माझा मोडलाय. रागवायचा पहिला नंबर माझा." कुणी हसलं नाही. त्याने साहेबांकडे बघितलं. "साहेब, मला सांगायचं होतं की. तार मी धरली असती. मला दिसतंय अजून."

सूर्यकांतरावांनी मान खाली घातली. ते विठ्ठलच्या दिशेने गेले, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबले.

देविका जयंतजवळ गेली. 

"मी मनात तुला धरलं होतं," ती म्हणाली.

"मीही तुझ्या सीटवर बसलो होतो," तो म्हणाला. "सीट भंगार आहे यार. कंबर कशी मोडत नाही तुझी?"

फाटकाशी मोटारसायकल थांबली. कुठल्यातरी ट्रान्सपोर्टचा माणूस होता, धुळीने माखलेला. महामार्गावर तेलाचा टँकर कलंडला होता, रस्ता बंद पडला होता, क्रेन लगेच हवी होती. सतबीर किल्लीसाठी पुढे झाला आणि सवयीने वळला तो सूर्यकांतरावांकडे.

"साहब, किसको भेजना है?"

सूर्यकांतरावांनी तोंड उघडलं. देविका, जयंत, निधी, तिघांनी त्यांच्याकडे बघितलं. कुणाला मोठी क्रेन, कुणाला लहान, कुणाला यार्ड. दोन वर्षं घरातलं प्रत्येक जेवण, प्रत्येक भांडण याच एका उत्तरापाशी येऊन अडायचं, आणि उत्तर असायचं, बघू.

"बाबा," जयंत म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आता तरी सांगा. माझ्या विरुद्ध असलं तरी सांगा."

"मला विचारू नकोस, सतबीर," सूर्यकांतराव मराठीतच म्हणाले, आणि मग जयंतकडे, तो जिथे असेल असं त्यांना वाटलं तिथे, तोंड केलं. "मी आज थांबलो. यार्ड देविकाचं आहे. तुला तिच्याबरोबर काम करायचं की वेगळं व्हायचं, ते तू ठरव, पण मालक ती."